बाळंतपणाची रजा : हिशेब चौथ्या महिन्यातच मांडा

घरात कुणाला दिवस गेले की तयारी लगेच सुरू होते. जुन्या लुगड्यांची दुपटी निघतात, डिंक-खारीक आणून ठेवतात, माहेरी कधी न्यायचं ते ठरतं. तिच्या कामाचं काय करायचं, हे मात्र आठवा महिना लागेपर्यंत कुणी काढत नाही. मग एक दिवस ती कामावर जायची थांबते, त्या दिवसापासून मजुरी थांबते, आणि चार-सहा महिन्यांनी परत जावं तर तिच्या जागेवर दुसरी कुणी लागलेली असते. गावोगावच्या गटांत बसलं की ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकतो, की आजचं बोलणं यावरच ठेवलं आहे.

पहिलं काम तारखेचं. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लक्षात ठेवा आणि त्यात ९ महिने ७ दिवस मिळवा. पाळी १३ फेब्रुवारीला आली असेल तर बाळंतपणाची अंदाजे तारीख २० नोव्हेंबर. उपकेंद्रात नर्सताई माता-बाल संरक्षण कार्डावर हीच तारीख लिहितात. ते कार्ड जपून ठेवा. पुढे रजेसाठी, योजनेसाठी आणि माहेरच्या गावी तपासणीसाठी तेच दाखवायचं असतं.

आता कायदा. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ चा आहे. २०१७ मध्ये त्यात बदल होऊन पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही याच तरतुदी घेतल्या आहेत. दोन मुलं असतील तर तिसऱ्या खेपेला १२ आठवडेच मिळतात. कारखाने, मळे आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं व आस्थापना यांना हे लागू आहे. म्हणजे काजूचा कारखाना, शिवणकामाचं युनिट, फळप्रक्रियेचं केंद्र, दूध संकलनाची मोठी डेअरी हे सगळं त्यात येऊ शकतं. अट एकच : बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं.

हे ८० दिवस दाखवायचे कसे, इथे गाडी अडते. हजेरीपत्रक मालकाकडे असतं आणि आपल्याकडे काहीच नसतं. म्हणून दिवस गेल्याचं कळल्यापासून एका वहीत रोजची हजेरी लिहा, पगार खात्यात येत असेल तर पासबुक भरून आणा, रोख मिळत असेल तर चिठ्ठी मागून घ्या. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर तो क्रमांक लिहून ठेवा. तिथे रजेचा पगार मालक देत नाही, महामंडळ देतं, आणि अट ८० ऐवजी ७० दिवसांच्या वर्गणीची असते.

‘तू कंत्राटदाराची माणूस, तुला कसली रजा,’ असं पुष्कळ जणींना ऐकवतात. दिल्लीच्या महापालिकेत रस्त्याची खोदाई, बांधकाम अशी कामं करणाऱ्या रोजंदारीच्या बायकांनाही असंच सांगितलं होतं. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ मार्च २००० रोजी निकाल लागला की हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही प्रसूती रजेचा हक्क आहे. दगड-माती वाहणाऱ्या बायका होत्या त्या, तुमच्या-आमच्यासारख्या. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की ठरावीक मुदतीचा करार रजेच्या मध्येच संपला तरी प्रसूतीचा लाभ बुडत नाही.

रजा कधीपासून घ्यायची, हे नीट मांडून बघण्यासारखं आहे. २६ आठवड्यांपैकी बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. आपली तारीख २० नोव्हेंबर धरली आणि ८ आठवडे आधी, म्हणजे २५ सप्टेंबरला रजा सुरू केली, तर २६ मार्चला कामावर हजर व्हावं लागेल. बाळ तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं असेल. दोनच आठवडे आधी, ६ नोव्हेंबरला सुरू केली, तर हजर व्हायची तारीख ७ मे आणि बाळ साडेपाच महिन्यांचं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं असतं, पाणीसुद्धा नाही. त्यामुळे तब्येत धडधाकट असेल आणि काम बसून करायचं असेल तर रजेचा मोठा भाग नंतरसाठी राखावा, असं आमचं मत. पण रक्त कमी असेल, बीपी वाढत असेल, पायांवर सूज असेल किंवा दिवसभर उभं राहून काम असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा थांबा. शेवटच्या महिन्यांत ओझं उचलायचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देऊ नका, असं मालकाला सांगायचाही हक्क कायद्यात आहे. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

अर्ज लेखी द्या. त्यात फार काही लागत नाही : नाव, कामाची जागा, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, कोणत्या तारखेपासून रजा हवी, आणि रजेच्या काळात आपण दुसरीकडे काम करणार नाही एवढं. रजेचे पैसे आपल्या माघारी कुणी घ्यायचे असतील तर त्याचं नाव. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. आधीच्या आठवड्यांचा पगार कार्ड दाखवल्यावर आगाऊ द्यायचा असतो, आणि बाळ झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत उरलेला. अर्ज द्यायचा राहून गेला आणि कळा आधीच सुरू झाल्या, तर घाबरू नका. बाळंतपणानंतरही अर्ज देता येतो, तेवढ्यामुळे हक्क जात नाही.

रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. काढलंच तर ६० दिवसांच्या आत दाद मागावी लागते, म्हणून ‘जरा बाळ मोठं होऊ दे, मग बघू’ म्हणत बसू नका. जिल्ह्याच्या सरकारी कामगार कार्यालयात अर्ज करा. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.

हे झालं पगारदारांचं. अंगणवाडीच्या सेविका-मदतनीसांना १८० दिवसांची भरपगारी रजा आहे, तीही त्यांनी मोजून घ्यावी. पण हे ऐकणाऱ्या बहुतेक जणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या, नाहीतर स्वतःच्याच शेतात राबणाऱ्या आहेत. त्यांना रजा देणारा कुणी मालक नाही. सहा आठवड्यांच्या आत बाळंतिणीला कामावर घ्यायचं नाही, असं कायदा मालकाला सांगतो. गंमत बघा, आपला सव्वा महिनाही जवळपास तेवढाच. जुन्या बायकांनी कायदा वाचला नव्हता, पण अंग भरून यायला किती दिवस लागतात हे त्यांना माहीत होतं. आज तोच सव्वा महिना मोडतो. सोयाबीन काढणीला आलं, मजूर मिळत नाही, की पंधरा दिवसांची बाळंतीण रानात उभी राहते.

यावर आम्हाला एकच उपाय खरा वाटतो, आणि तो गटाने करायचा आहे. पूर्वी गावात सावड असायची. आज माझ्या रानात सगळ्या, उद्या तुझ्या रानात सगळ्या. तीच सावड बाळंतिणीसाठी लावा. गटात दहा जणी असतील आणि प्रत्येकीने तिच्या रानात दोन दिवस दिले तर वीस दिवसांचं काम होतं. कुणी किती दिवस दिले ते गटाच्या वहीत लिहा. बाळ वर्षाचं झालं की ती एकेकीचे दिवस फेडेल. उपकार म्हणून केलं की दोन बाळंतपणांत बंद पडतं. वहीत लिहिलं की चालतं.

तसंच गटाच्या कर्जाच्या हप्त्याचं. हप्ता थकला म्हणून ओल्या बाळंतिणीच्या दारात जाऊन उभं राहणं कुणालाच आवडत नाही, पण होतं तसं. गटाच्या अंतर्गत कर्जाला तीन महिने फक्त व्याज घ्यायचं की पूर्ण थांबायचं, हे सगळ्या जणींनी बैठकीत आधीच ठरवावं आणि ठराव लिहावा. बँकेचं कर्ज असेल तर ही सवलत गट स्वतःच्या मनाने देऊ शकत नाही. तिथे चौथ्या महिन्यापासून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून दोन-तीन हप्त्यांची सोय करून ठेवावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं दुखणं वेगळं आहे. कोयता दोघांचा मोजतात, उचल दोघांच्या नावावर घेतात, आणि एकीने खाडा केला की पैसे कापतात. तारीख हंगामात पडत असेल तर उचल घेण्याआधीच मुकादमाला सांगा आणि तेवढीच उचल घ्या जेवढी एकट्याच्या कामातून फिटेल. हातात पैसे पडल्यावर हे बोलता येत नाही. घरातल्या पुरुषांनीही हे ऐकावं. आणि फडावर जायचंच झालं तर कार्ड सोबत न्या, म्हणजे तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी आणि लसी चुकत नाहीत.

पैशाच्या योजनांचं थोडक्यात सांगतो. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात : नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर ३,०००, आणि जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकदम. पगारी प्रसूती रजा मिळते तिला ही योजना नाही. अर्ज अंगणवाडीताईंकडे किंवा आशाताईंकडे करायचा. पैसे आधारला जोडलेल्या तिच्याच खात्यात येतात, आणि नेमके इथेच अडतात : आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. हे चौथ्या महिन्यातच जुळवून घ्या. इमारत बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपयांचं साहाय्य आहे. त्यासाठी नोंदणी चालू असावी लागते, म्हणून नूतनीकरणाची तारीख बघून ठेवा.

आता परत कामाला लागायचं. याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि बाईला जन्मभराचं दुखणं लागतं ते बहुधा इथेच. बाळंतपणानंतर लवकर ओझी उचलली, हंडे वाहिले, तर अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. लाजेपायी बाया वर्षानुवर्षं हे सोसतात. सहा आठवडे तरी डोक्यावर आणि कमरेवर ओझं नको, सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भरावं. त्यासाठी नवऱ्याला रजा लागत नाही.

पहिल्या दिवशी पूर्ण दिवस भरू नका. रानातलं काम असेल तर पहिला आठवडा अर्धा दिवस, तेही निवडणं, वेचणं, बांधणं असं बसून करायचं. फवारणीच्या जवळ अंगावर पाजणारीने जाऊ नये आणि फवारणीचे कपडेही तिने धुऊ नयेत. नोकरी असेल तर आठवड्याच्या मध्ये, गुरुवारी वगैरे हजर व्हा, म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येते आणि घरची घडी कुठे मोडते ते कळतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेगळी सुट्टी द्यायची, हे कायद्यात आहे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर ती सांभाळायला एका बाईला बसवून तिला मजुरी द्यायची तरतूद केलेली होती.

बाळ घरी ठेवून जायचं तर दूध काढून ठेवता येतं. पुष्कळ सासवांना हे पटत नाही, तेव्हा आशाताईंना घरी बोलावून सगळ्यांसमोर समजून घ्या. हात स्वच्छ धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात हातानेच दूध काढायचं. सावलीत, थंड जागी चार तास ते चांगलं राहतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरा. फ्रिज असेल तर दिवसभर. हे दूध गॅसवर उकळायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. आणि बाटली नको, वाटी-चमच्याने पाजायचं. कामावर जायच्या दोन आठवडे आधीपासून सवय लावा, बाळालाही आणि पाजणाऱ्या आजीलाही. कामावर असताना छाती दाटून आली तर आडोशाला जाऊन थोडं दूध काढून टाका, तसंच राहू दिलं तर गाठ होते आणि ताप येतो.

आशाताई दवाखान्यात बाळंत झालेलीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा यायच्या असतात. त्यांना नुसतं बाळाचं वजन विचारू नका, स्वतःचंही सांगा. अंगावरून जास्त जाणं, वास येणं, ताप, टाके दुखणं, यातलं काही झालं तर कामाची घाई सोडून दवाखाना गाठा. सारखं रडू येणं, झोप न लागणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर तोही आजारच आहे. बाहेरची बाधा म्हणून घरात बसवून ठेवू नका. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या आहेत, कामावर जाताना पुडी पिशवीत टाका. पुढच्या बाळामध्ये तीन वर्षांचं अंतर हवं असेल तर तांबीचं वगैरे सव्वा महिन्याच्या तपासणीलाच विचारून घ्या.

या महिन्याच्या बैठकीत गटात कोण गरोदर आहे, कुणाची तारीख कधी, हे वहीच्या एका पानावर लिहा. सावडीचे दिवस त्याच पानावर मांडा. अर्जाचा नमुना कुणाला लिहून हवा असेल तर कार्ड घेऊन आमच्या केंद्रावर या, बसून लिहू.