विश्लेषण : शंभरात चौघांमध्ये असलेला जनुकीय बदल हृदयासाठी किती धोक्याचा?

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांचं संशोधन 'नेचर जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध झालं. 'एमवायबीपीसी३' या जनुकातली २५ अक्षरं काही जणांमध्ये गायब असतात. दक्षिण आशियात असे लोक सुमारे ४ टक्के, म्हणजेच कोट्यवधी आहेत.

हे जनुक काय करतं?
हृदयाच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणारं एक प्रथिन त्यापासून बनतं. ते बिघडलं तर स्नायू जाड होऊ शकतो. जाड स्नायूतून विजेचे संदेश नीट जात नाहीत आणि ठोक्यांची लय बिघडते. क्वचित अचानक मृत्यूही होतो.

मग हे सगळेच आजारी का नाहीत?
२०२० मधल्या अभ्यासानुसार स्नायू जाड होण्याचा धोका मुख्यतः या २५ अक्षरांमुळे नाही. यापैकी मोजक्याच लोकांमध्ये, त्याच जनुकात, आणखी एक बदल असतो. खरा धोका त्याचा. त्यामुळे जनुकीय रिपोर्टमध्ये फक्त पहिला बदल दिसला, तर ते आजाराचं निदान नव्हे.

लक्ष कशाकडे द्यायचं?
व्यायाम करताना शुद्ध हरपणं, विनाकारण धडधड, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू. यापैकी काही असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. ईसीजी आणि टूडी इकोमध्ये जाड स्नायू बहुतेकदा दिसतो. धोका जास्त असल्यास आयसीडी हे यंत्र बसवतात. घातक लय सुरू होताच ते झटका देऊन ठोके पूर्ववत करतं. घरात एकाला हा आजार निघाला, तर आईवडील, भावंडं आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.