वन्य पक्ष्यांची समीपचित्रे : छायाचित्रण, संपादन आणि सत्यता

बीजशब्द : पक्षी-छायाचित्रण, समीपचित्र, चित्रबलाक, संपादन, सत्यता

प्रस्तावना :
डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसारामुळे पक्ष्यांचे छायाचित्रण आज अनेकांच्या आवाक्यात आले आहे. पक्ष्याचा डोळा, चोच व चेहरा ठळकपणे दाखविणाऱ्या छायाचित्रास प्रस्तुत लेखात 'समीपचित्र' असे म्हटले आहे. असे चित्र पाहणाऱ्यास आनंद देते. त्याचबरोबर पक्ष्याची जात, वय व विणीचा काळ यांचा तो पुरावाही असतो. ई-बर्डसारख्या नोंदसंग्रहात छायाचित्रांना स्थान आहे ते याच कारणाने. म्हणूनच पक्ष्यास त्रास न देता समीपचित्र कसे घ्यावे आणि संपादनात त्याची सत्यता कशी राखावी, या दोन प्रश्नांचा विचार येथे चित्रबलाकाच्या उदाहरणाने केला आहे. भीमा नदीवरील उजनी जलाशयाच्या भिगवण परिसरात हा पक्षी पाहावयास मिळतो.

अंतर आणि भिंग :
समीपचित्र म्हणजे जवळ जाऊन घेतलेले चित्र, असा समज आढळतो. प्रस्तुत लेखकाचाही तो होता. भिगवण येथे नावाड्याने होडी थांबविली असता ती आणखी पुढे नेण्याचा आग्रह लेखकाने धरला. मासे टिपणारा चित्रबलाक निश्चल झाला, त्याने मान उंचावली आणि तो उडून गेला. चित्र मिळाले; परंतु त्यात दिसते ती पक्ष्याची सहज मुद्रा नव्हे, भीती होय. पक्ष्याने खाणे थांबवून मान ताणली की तेथेच थांबावे, हा धडा त्यातून मिळाला.

वस्तुतः इतके जवळ जाण्याची गरजच नसते. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात साधारणतः ६००० × ४००० बिंदू असतात. त्याची लांबी व रुंदी कापून निम्मी केली तरी ३००० × २००० बिंदू उरतात. इंचास ३०० बिंदू या प्रमाणात त्याची छपाई सुमारे १० × ६.५ इंच होते. नियतकालिकाच्या पानास एवढे पुरेसे आहे.

डोळा आणि प्रकाश :
समीपचित्रात फोकस डोळ्यावर असावा. ५०० मि.मी. भिंग, एफ/५.६ छिद्र आणि ६ मीटर अंतर असता फुल-फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ५ से.मी. खोल असतो. चित्रबलाकाची चोच त्याहून पुष्कळ लांब असते. त्यामुळे तो समोर पाहत असताना डोळा व चोचीचे टोक एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत. त्याने मान बाजूस वळविण्याची वाट पाहावी. तसेच गडद पाण्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व पांढरी पिसे जळून जातात. अशी पिसे संपादनात परत मिळत नाहीत. म्हणून प्रकाश आधीच थोडा कमी घ्यावा.

संपादन :
रॉ स्वरूपातील चित्राची काटछाट करणे, उजेड व रंगसमतोल सुधारणे, दाणेदारपणा कमी करणे ही कामे मूळ नोंद अधिक स्पष्ट करतात. नसलेली पिसे भरणे, डोळ्यात प्रकाशबिंदू रंगविणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपशील निर्माण करणे यांमुळे मात्र नोंदच बदलते. रंग भडक करण्याचा मोहही निरुपद्रवी नाही. चित्रबलाकाच्या चेहऱ्याचा रंग विणीच्या काळात गडद होतो. संपादकाने तो वाढविल्यास विणीच्या काळाविषयी चुकीची माहिती नोंदली जाते. याकरिता मूळ फाईल जपून ठेवावी व मोठे बदल चित्राखाली नमूद करावेत.

कायदा :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. अभयारण्यातील छायाचित्रणास परवानगी आवश्यक असते. घरट्यावरून पक्षी उठल्यास अंडी व पिल्ले उन्हास आणि कावळ्यांस उघडी पडतात, हे ध्यानात घेतल्यास या तरतुदीमागील कारण स्पष्ट होते.

निष्कर्ष :
समीपचित्रातील जवळीक भिंग, प्रतीक्षा व मर्यादित काटछाट यांतून साधता येते. तिची किंमत पक्ष्याने मोजण्याचे कारण नाही. महाविद्यालयीन छायाचित्र स्पर्धांत घरट्यावरील चित्रे वर्ज्य करावीत आणि मूळ फाईल मागवावी, एवढे दोन नियम केले तरी विद्यार्थ्यांना योग्य दिशा मिळू शकेल.