चिकनचा पांढरा रस्सा फाटतो कशामुळे? पाहुणे यायच्या आधी हे वाचा

पाहुणे जेवायला बसले आणि पांढऱ्या रश्श्याचं पाणी वेगळं, चोथा वेगळा झाला, असं बऱ्याच घरी होतं. नारळ, काजू, खसखस असा महागाचा माल वाया जातो तो वेगळाच. कोल्हापूरकडे मटणासारखाच चिकनचाही पांढरा रस्सा होतो. त्याला मसाला कमी लागतो, पण जाळ सांभाळावा लागतो.

पाच-सहा माणसांसाठी हाडासकट १ किलो चिकन घ्या. आलं-लसूण वाटण, मीठ आणि दीड ते दोन लिटर पाणी घालून शिजवा. हळद घालायची नाही, नाहीतर रस्सा पिवळा होतो. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजतं. गावरान कोंबडीला जास्त वेळ लागतो, तिला कुकर बरा. पण चव गावरानचीच. हे पाणी म्हणजे आळणी. ते गाळून घ्या, फोडींचं सुकं करा.

वाटणाला १२ ते १५ काजू, एक चमचा खसखस आणि दोन चमचे पांढरे तीळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून अगदी गंधासारखं वाटा. खसखस भरड राहिली तर रस्सा कचकचीत लागतो. एका नारळाचं घट्ट दूध वेगळं काढा. कच्चं चिकन कापलेली सुरी-पाट धुतल्याशिवाय खोबऱ्याला लावू नका.

तुपात तमालपत्र, दालचिनी, वेलदोडे, लवंग, मिरे आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या टाका. वाटण मंद आचेवर परता, रंग बदलू द्यायचा नाही. त्यात गरम आळणी ओतून दहा मिनिटं उकळा.

खरी गडबड पुढे होते. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवलेलं असतं. खळखळून उकळलं की ते सुटतं. म्हणून जाळ अगदी बारीक करा, दूध धारेनं घाला, एकसारखं ढवळा आणि वाफ यायला लागली की उतरवा. लिंबू पिळायचं असेल तर ताटातच.

पण पंगती दोन-तीन असतील तर? उशिरा आलेल्यांसाठी सगळं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं की रस्सा फाटलाच. त्यापेक्षा वाटण घातलेली आळणी तेवढी गरम ठेवा आणि नारळाचं दूध प्रत्येक पंगतीपुरतं वेगळ्या भांड्यात मिसळा. उन्हाळ्यात काढलेलं दूध थंड जागी ठेवा, ते लवकर आंबतं.

एवढं करूनही फाटलाच, तर पातेलं उतरवा. दोन-तीन डाव रस्सा कोमट होऊ द्या, चार भिजवलेल्या काजूंबरोबर मिक्सरला फिरवा आणि परत पातेल्यात ढवळा. कडकडीत गरम रस्सा मिक्सरमध्ये घालू नका, झाकण उडून अंगावर येतो.