सुई नसलेल्यांचं काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवणारा कारखाना पकडला. या प्रकरणातल्या मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगितली गेली. पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळालेल्या आरोपीचं नाव त्याला जोडलं गेलं आणि कित्येक दिवस वर्तमानपत्रांना दुसरा विषय उरला नाही. मोर्चे निघाले. किलो किती, कोटी किती, वरदहस्त कुणाचा, यावर रान उठलं. पुडी ओढणाऱ्या पोराचं पुढं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

त्याच नाशिक जिल्ह्यात यंत्रमागांचं मालेगाव आहे. तिथं ‘कुत्ता गोली’ म्हणून विकली जाते ती अल्प्राझोलाम. खरं तर घबराटीवर डॉक्टरच्या चिठ्ठीनं मिळणारी गोळी. तिचीही बातमी होते ती छाप्यापुरतीच.

नशा करणाऱ्यांसाठी आपल्याकडे दोनच दारं ठाऊक आहेत, पोलीस चौकीचं आणि व्यसनमुक्ती केंद्राचं. दुसऱ्या दाराचं महाराष्ट्रावर मोठं ऋण आहे. डॉ. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. पण हे दार सोडायला तयार झालेल्यांसाठी. ज्याची आज सोडायची तयारी नाही किंवा जो सोडून पुन्हा घसरलाय, त्यानं निदान मरू नये, आजार घरी नेऊ नये, यासाठी काही करायचं की नाही? जगात याला ‘हार्म रिडक्शन’ म्हणतात. आपण दारूच्या बाबतीत ते बिनबोभाट करतोच. पिऊन गाडी चालवू नका, असं सांगताना आधी पिणं सोडा, अशी अट घालत नाही. वाईनच्या नाशिकला तर हे वेगळं सांगायला नको.

हार्म रिडक्शनमधली सुया वाटण्याची कल्पना आली ती रोगाच्या धास्तीतून. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली नशा करणाऱ्यांच्याच संघटनेनं जुन्या सुया घेऊन नव्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा धाक होता काविळीचा. एड्सनं ती जगभर नेली. आपल्याकडे धडा मिळाला मणिपूरमध्ये. १९८९-९० मध्ये तिथं सुईनं हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही अवघ्या काही महिन्यांत शून्यावरून निम्म्यांपर्यंत पोचला. मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ मध्ये ‘संकल्प’ संस्था सुरू केली आणि ती रस्त्यावरच्या गर्दुल्ल्यांपर्यंत गेली. पुढं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे ‘नाको’नं, सुईबदल आणि पर्यायी औषधोपचार दोन्ही आपल्या कार्यक्रमात घेतले.

हा पर्यायी उपचार प्रत्यक्ष पाहिला तर त्यात सनसनाटी काही नाही. रुग्ण रोज केंद्रावर येतो. परिचारिका ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीचा चुरा करून जिभेखाली ठेवते. तो विरघळेपर्यंत रुग्णानं गिळायचं नाही, बोलायचं नाही, समोरच बसायचं. चुरा अशासाठी की गोळी गालात दडवून बाहेर विकता येऊ नये. औषध मेंदूतल्या त्याच जागा धरून बसतं जिथं हेरॉइन बसतं, पण झिंग बेताची. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, येत नाही, तलफ ओसरते, माणूस कामावर जाऊ शकतो. सकाळी पुडीसाठी चोरी करावी लागत नाही, एवढं घडलं तरी घरातली भांडी घरात राहतात.

घोडं अडतं ते पुढं. हे सगळं एड्सच्या पैशातून आलं, म्हणून ते सुईपुरतं आणि हेरॉइनच्या कुळापुरतं राहिलं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ८.५ लाख लोक सुईनं नशा करतात; त्यांच्यासाठी कागदावर तरी कार्यक्रम आहे. एमडी बहुतेक नाकानं ओढतात. ती उत्तेजक आहे. तिला ब्युप्रेनॉर्फिन चालत नाही, दुसरं मान्यताप्राप्त पर्यायी औषधही नाही. हेरॉइनचा अतिडोस उतरवणारं नॅलोक्सोनही तिथं निरुपयोगी. तिथं कामाला येतात साध्या गोष्टी. ओढायची नळी किंवा गुंडाळलेली नोट दुसऱ्याला देऊ नये, कारण नाकातल्या रक्तातून हिपॅटायटिस सी पसरू शकतो. दारूबरोबर घेऊ नये. अंग तापलं, छातीत धडधडलं तर मित्राला टाकून पळू नये, दवाखान्यात न्यावं. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून सरकारी यंत्रणा लोकांनी आणलेला माल तपासून त्यात काय आहे ते सांगते. आपल्याकडे ते पचनी पडणं अवघड, हे मान्य.

अल्प्राझोलामचं प्रकरण वेगळं आणि माझ्या मते अधिक गंभीर. दारूबरोबर किंवा अफूजन्य औषधाबरोबर ती श्वास मंदावते. रोज बऱ्याच गोळ्या खाणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. ‘निश्चय कर, उद्यापासून सोड’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथं घातक ठरतो. कोंडून ठेवणारं बेकायदा केंद्रही तितकंच घातक.

कायदा वाटतो तितका आडमुठा नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४ अ थोडक्या मालासह सापडलेल्या व्यसनीनं स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट देतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा त्याहून धीट आहे. त्याच्या कलम २२ मध्ये चक्क उदाहरण दिलंय: कार्यक्रमातल्या माणसानं जुनी सुई घेऊन नवी दिली, तर देणाराही गुन्हेगार नाही आणि घेणाराही नाही. पण हे संरक्षण एचआयव्हीचा धोका कमी करणाऱ्या उपायांना आहे. मालेगावच्या गोळीवाल्याला त्याचा उपयोग नाही.

तरी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी होतेच. अंगावरच्या जखमा तिथं लिहिल्या जातात. त्याच वेळी डॉक्टरांनी रोज किती गोळ्या खातोस, शेवटची कधी घेतलीस, एवढं विचारून लिहावं. आकडा मोठा निघाला तर त्या रात्री कोठडीऐवजी जिल्हा रुग्णालयाची खाट द्यावी, पहारा हवा तर तिथंच ठेवावा.