सौर बचतीचा अंदाज : गणित आणि विधान

घराच्या छतावर सौर संच बसविण्याचा विचार करणाऱ्या गृहस्थाच्या हाती प्रथम जो कागद पडतो, त्यावर बहुधा एक वाक्य ठळक अक्षरांत छापलेले असते : ‘दरमहा आपले इतके रुपये वाचतील.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य स्वार्थातील साधा भविष्यकाळ आहे. आशयदृष्ट्या मात्र ते संकेतार्थी आहे. मीटर मोजतो तो वापर; बचत कोणताही मीटर मोजीत नाही. प्रत्यक्ष आलेले बिल आणि संच बसविला नसता तर जे आले असते ते बिल, या दोहोंतील अंतरास बचत म्हणावयाचे. आणि यांपैकी दुसरे बिल कधीच छापले जात नाही. अर्थात प्रत्येक अंदाजाच्या पोटी काही अध्याहृत ‘जर’ असतात. ते कोणते, हे हिशेबाची रीत पाहिल्यावाचून समजत नाही.

आरंभीच एक शब्दविवेक आवश्यक आहे. किलोवॅट हे शक्तीचे माप होय. युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, हे ऊर्जेचे. संच विकला जातो किलोवॅटांत, बिल येते युनिटांत. व्यवहारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि पुष्कळसा घोटाळा येथेच सुरू होतो.

पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतील असते. दर चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश पडत असून पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सियस असेल, तर ती खरी. छत्रपती संभाजीनगर येथे वर्षाच्या सरासरीने दिवसाकाठी सुमारे सव्वापाच तास पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळतो असे धरले, तर एका किलोवॅटपासून रोज सव्वापाच युनिटे मिळावयास हवीत. परंतु हिशेबात चारच धरतात, आणि ते योग्यच आहे. एप्रिल-मे महिन्यांत हवा ४० अंशांवर गेली की पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते; दर अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के या प्रमाणात त्याचे उत्पादन १२ ते १४ टक्क्यांनी घटते. सूर्य माथ्यावर असतो तेव्हाच संच पूर्ण ताकदीने चालत नाही, ही गोष्ट पुष्कळांस विलक्षण वाटते. याखेरीज धूळ, तारांतील व इन्व्हर्टरमधील घट आणि सावली ही आहेतच. गुलमंडीच्या दाट वस्तीत शेजारच्या मजल्याची सावली पडणारे छत आणि सिडकोतील मोकळे छत यांना एकच आकडा लावणे हे अंदाजाचे नव्हे, आळसाचे लक्षण होय. शिवाय चार ही वार्षिक सरासरी आहे. जुलै-ऑगस्टच्या अभ्राच्छादित दिवसांत ती पुष्कळ खाली येते.

येथवरचे गणित भौतिकशास्त्राचे आहे व ते फारसे फसवीत नाही. खरी गुंतागुंत युनिटांचे रुपये करताना उद्भवते, कारण सर्व युनिटांची किंमत सारखी नसते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढील. २०२४-२५ या वर्षीच्या दरपत्रकानुसार, वीज आकार व वहन आकार मिळून, पहिल्या तीन टप्प्यांत दर युनिटास अनुक्रमे ५.८८, ११.४६ आणि १५.७२ रुपये पडत. सौर वीज बिलातून युनिटे कमी करते ती वरच्या टोकाकडून, म्हणजे महागडी युनिटे प्रथम.

उदाहरणार्थ, महिना ३५० युनिटे वापरणारे एक कुटुंब घेऊ. वरील दराने त्याचे बिल ५८८, २२९२ आणि ७८६ मिळून ३६६६ रुपये होते. एक किलोवॅटचा संच महिन्यास १२० युनिटे देतो असे मानले, तर पहिल्या किलोवॅटने १५८८ रुपये वाचतात. दुसऱ्याने १३७५. तिसरा किलोवॅट लावताच उत्पादन ३६० युनिटांवर जाते. परंतु त्याला भागवावयास ११० युनिटेच उरलेली असतात, त्यांतही १०० सर्वांत स्वस्त टप्प्यातली. म्हणून तो केवळ ७०३ रुपये वाचवितो. आता एखाद्याने पहिल्या किलोवॅटच्या बचतीस तिनाने गुणिले, तर ४७६४ रुपयांची बचत निघते. म्हणजे मूळ बिलाहून अकराशे रुपये अधिक! असे गुणाकार कागदावर निमूटपणे खपून जातात. बिलाला दर्शनी सरासरी दर लावणाऱ्यांचेही असेच होते. या कुटुंबाचा सरासरी दर साडेदहा रुपयांच्या आत येतो; तो धरल्यास दोन किलोवॅटची बचत ४५० रुपयांनी कमी दिसते आणि तिसऱ्याची बचत तितक्याच रुपयांनी फुगते.

या रकमांवर १६ टक्के वीज शुल्काचीही बचत मिळवावी. स्थिर आकार मात्र संच कितीही मोठा असला तरी द्यावाच लागतो, आणि इंधन समायोजन आकार वेळोवेळी बदलतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली’ योजनेतील अनुदानही याच चढत्या-उतरत्या क्रमाचे आहे : पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० आणि एकूण मर्यादा ७८,००० रुपये. म्हणजे ज्या किलोवॅटपासून लाभ थोडा, त्यास साहाय्यही थोडे. संपूर्ण संचासाठी एकच ‘परतफेडीचा काळ’ सांगणारा अंदाज हा भेद झाकून टाकतो. प्रत्येक किलोवॅटचा काळ निराळा काढून पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल.

नेट मीटरच्या पद्धतीत एका महिन्याची शिल्लक युनिटे पुढील महिन्यात वळती होतात, हे खरे. परंतु हा हिशेब आर्थिक वर्षाबरोबर, ३१ मार्चला, मिटविला जातो. उरलेल्या युनिटांचे पैसे ग्राहकाच्या दराने न मिळता आयोगाने ठरविलेल्या निराळ्या दराने मिळतात. मराठवाड्याच्या हवामानाशी ही तारीख नेमकी विसंगत आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, पंखे बंद असतात, शिल्लक साठते. आणि कूलर व वातानुकूलक सुरू होण्याच्या तोंडावरच ती पुसली जाते. बारा महिन्यांची सरासरी काढून केलेल्या अंदाजात हे कधीच दिसत नाही. त्यासाठी गतवर्षीची बाराही बिले समोर ठेवून महिनावार आकडेमोड करावी लागते.

राहता राहिला पंचवीस वर्षांचा प्रश्न. पॅनेलचे उत्पादन दरसाल सुमारे अर्ध्या टक्क्याने घटते, हे बहुधा हिशेबात धरलेले असते. त्याच्याच शेजारी विजेचा दर प्रतिवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढेल, असेही गृहीत असते. आणि दीर्घ मुदतीच्या भल्यामोठ्या बेरजेचा बराच भाग या एका गृहीतावर उभा असतो. दर वाढू शकतील, त्याचप्रमाणे टप्प्यांची रचनाही बदलू शकेल. वरच्या टप्प्याचा दर उतरला तर पहिल्या किलोवॅटचे मोल त्याच प्रमाणात उतरते. दर स्थिर धरून आणि दर वाढते धरून, अशा दोन बेरजा मागून घेण्याचा ग्राहकास अधिकार आहे. कुटुंबाचा वापर स्थिर राहील हा आणखी एक अध्याहृत ‘जर’. वीज आता आपलीच आहे या भावनेने घरात दुसरा वातानुकूलक आला, तर बिल पूर्वीइतके येऊनही बचत खोटी ठरत नाही. फक्त ती रुपयांच्या रूपाने न उरता गारव्याच्या रूपाने खर्च झालेली असते.