पदराला कात्री

मोराच्या मानेवरून कात्री जाणार नाही, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं. बाकी सगळं त्यानंतर.

भाचीचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी कार्यालयात. अंतरपाट नाही, अष्टपुत्री नाही, हिरवा शालू नाही. तिला हवं होतं गुडघ्याखाली येणारं जॅकेट, त्याखाली साधी सुती पँट आणि खिसा. खिशावर ती अडूनच बसली होती. कापड म्हणून पुढे आली माझ्या बहिणीची लग्नातली येवल्याची पैठणी. "कपाटात विरण्यापेक्षा अंगावर फाटू दे," बहीण म्हणाली खरी. पण नारायण पेठेतल्या शिंपीकाकांनी टेबलावर साडी उलगडली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली.

काकांनी आधी साडी उजेडात धरली. घड्यांवर रेशीम चिरलं होतं. तेवढ्या रेषा त्यांनी खडूनं आखून बाद केल्या. वर्षानुवर्षं एकच घडी ठेवली की असंच होतं, हे मी बोलून गेले आणि बहिणीचा कटाक्ष झेलला.

मग पदर. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या जागेपुरता विणतात. शेजारच्या रंगात अडकून तो मागे फिरतो. म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात, मागं धागे लोंबत नाहीत. पण नक्षीतून कापलं की हेच आखूड धागे सुटायला लागतात. त्यामुळे पदर अख्खा पाठीवर घ्यायचा, खांद्याची शिवण मोरांच्या वर ठेवायची आणि काठ पुढच्या दोन्ही कडांना. म्हणजे भाचीनं आणलेलं डिझाइन निम्मं बाजूलाच पडलं. ती कुरकुरली नाही, याचं मला नवल वाटलं.

"नोटीस दिलीत का?" काकांनी विचारलं. दिली होती. नोटिशीनंतरचे ३० दिवस त्यांनी वहीत मोजले आणि पहिलं जॅकेट शिवलं ते मांजरपाटाचं. ते अंगावर नीट बसल्यावरच पैठणीच्या मागून पातळ फ्युजिंग लावलं, मलमल पसरून, बेताच्या इस्त्रीनं. अस्तर माझ्या आईच्या नऊवारीचं. एरवी तिची गोधडीच झाली असती.

ट्रायलला काकांनी भाचीला खुर्चीत बसवून हातात पेन दिलं. "सही करा." बाहीची जरीची कड कागदाला अडली. काकांनी बाही दोन बोटं आत दुमडून टाचणी लावली. "ताई, तुम्हीपण करून बघा," ते मला म्हणाले. तीन साक्षीदारांतली मी एक. माझ्या बाहीला जर नव्हती, तरी सही वाकडीच आली.

जॅकेटबरोबर उरलेले तुकडेही गाठोडं बांधून परत मिळाले, बोटभर काठासकट. बहिणीनं ते तिथंच सोडलं आणि तुकडे साडीतल्या जागेनुसार मांडत बसली. काठालगतची एक मुनिया काही सापडेना.

काकांनी जॅकेटचा खिसा उलटा करून दाखवला.