बंद गोदामांची दारे कलेसाठी

खानदेशातील अनेक व्यापारी कुटुंबांकडे आज एखादी तरी कुलूपबंद वास्तू आहे. कुठे बंद पडलेली जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी, कुठे कापसाचे रिकामे गोदाम, तर कुठे जुन्या पेठेतील वाडा. वाटणी रखडलेली असते, मनाजोगा भाव येत नाही, आणि दरम्यान पत्रे गळतात, तुळयांना वाळवी लागते. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आता व्यापारी संकुल उभे आहे. गिरणीचा भोंगा ऐकलेली पिढीही विरळ होत चालली आहे. विक्रीचा निर्णय होईपर्यंत अशा वास्तूचा काही सदुपयोग संभवतो काय?

मुंबईने याचे एक उत्तर दिले आहे. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ साली ससून या व्यापारी घराण्याने बांधला. कापसाच्या व्यापारावर मुंबईची भरभराट होत होती, तो हा काळ; खानदेशचा कापूसही रेल्वेने मुंबईकडे जात असे. पुढे हा धक्का मासळीबाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने तेथील जुन्या गोदामांत देशी-विदेशी कलावंतांचे प्रदर्शन भरविले. प्रवेश सर्वांना विनामूल्य होता. तेथे राबणाऱ्या कोळी समाजातील माणसांचे चेहरे भव्य आकारात भिंतींवर झळकले. ज्यांच्या श्रमावर तो परिसर चालतो, त्यांनाच चित्राचा विषय होण्याचा मान मिळाला.

गोव्यात २०१६ पासून भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सवही विनामूल्य असतो आणि त्याच्यामागे सुनील कांत मुंजाल या उद्योजकाचे पाठबळ आहे. पणजीतील जुने वैद्यकीय महाविद्यालय आणि आदिलशहाचा राजवाडा या वास्तूंचा मूळ उपयोग केव्हाच संपला होता. महोत्सवामुळे तेथे पुन्हा माणसांची वर्दळ सुरू झाली.

व्यापाऱ्याने कलेला आश्रय द्यावा, ही गोष्ट आपल्या परिसराला नवी नाही. चाळीसगावलगतच्या सातमाळा डोंगरातील पितळखोऱ्याच्या लेण्यात, पैठणच्या एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, स्तंभ दान केल्याचा शिलालेख आहे. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यातही एका वणिजाच्या दानाची नोंद आहे. त्यांचा व्यापार कधीच लयास गेला. दानाची नोंद मात्र दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते.

धुळे किंवा जळगाव येथील एखादे गोदाम आठ दिवसांसाठी उघडले, तर तेथे काय मांडता येईल? पेढीच्या जुन्या रोजमेळ-खतावण्या, तराजू आणि वजने, कापसाच्या गाठींवर मारावयाचे छाप, हमालांची आणि जिनिंगमधील कामगार स्त्रियांची छायाचित्रे, अहिराणी गाणी, कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची भित्तिचित्रे. यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. तिकीट मात्र नसावे. तिकीट लावले की ज्या हमालाने तेथे गाठी वाहिल्या, त्याचाच नातू दाराबाहेर राहील.

उत्साहाला सावधगिरीची जोड हवी. अभियंत्याकडून छत आणि भिंती तपासून घ्याव्यात. कापसाच्या गोदामात जुना तंतू साचलेला असतो आणि तो झटकन पेट घेतो. म्हणून जुनी वायरिंग बंद करून नवी तात्पुरती जोडणी करावी, बाहेर पडण्यास दोन मार्ग ठेवावेत आणि अग्निशमन दलाला कळवावे. सर्व सहमालकांच्या सह्यांनिशी ठराविक दिवसांचा लेखी करार करावा, म्हणजे ताब्याचा वाद पुढे उद्भवणार नाही. काळ दिवाळीनंतरचा ते फेब्रुवारीपर्यंतचा बरा. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली थांबणे अशक्यच असते.

एका प्रदर्शनाने इमारत वाचेलच, असे नाही. परंतु शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेली आपली मुले त्या निमित्ताने घरी येतील आणि पणजोबांचा व्यापार कोठे, कसा आणि कोणाच्या हातांनी चालत होता, हे त्या जागी उभे राहून पाहतील. वास्तू विकण्याचा निर्णय पुढे झालाच, तरी तो ती पाहून आणि समजून घेतलेला असेल. घरातील जाणत्यांनी येत्या दिवाळीत सर्व भाऊबंद एकत्र जमतील तेव्हा हा विषय अवश्य काढावा.